शुक्रवारची ड्युटी

आटपाट मासवण गाव होतं. गावाच्या टोकाला महादू नावाचा म्हातारा होता, त्याची राहीबाई नावाची म्हातारी होती (ती मीच, शाळेची पायरी चढले नाही, पण सांगायला बसले की भात करपेपर्यंत उठत नाही) आणि त्यांना मंदा नावाची एकुलती लेक होती. लेकीला मुलगा झाला. इथपर्यंत सगळं कहाणीत होतं तसंच झालं. पुढं बाळ प्यायला लागायचं, ते काही लागेना.

मंदाला दिलीय बोईसरला. जावई सुजित तिथं कंपनीत. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून ती दवाखान्यातून थेट माझ्याकडं आली. दवाखान्यात एका खोलीत किती बाया, किती पोरं, नुसता बाजार. त्या गलक्यात बाळ चुटूचुटू प्यायचं. मी ठरवलं, माझ्या घरी त्याला शांत जागा द्यायची. एवढंच ठरवलं. पण मी एकदा ठरवलं की घरातल्या मांजरालाही ते पाळावं लागतं.

महादूचा रेडिओ बंद केला. मिक्सर बंद, वाटण पाट्यावर, तेही दबकत. कोंबड्या जावेच्या अंगणात हाकलल्या. मासळीवालीला सांगितलं, ओरडू नको, खुणेनं विचार. ती दारात येऊन बोंबील वर धरायची, मी मान हलवायची. महादूला खोकला आला की तो आंब्याखाली जाऊन खोकून यायचा.

घर देवळासारखं शांत झालं आणि बाळानं पिणं सोडलं. छातीशी धरलं की दोन घोट घ्यायचं, मान फिरवायचं नि रडायचं. रडून दमलं की निजायचं. उठलं की पुन्हा तेच.

मी मीठमोहऱ्या ओवाळल्या. मंदाला अळिवाची खीर घातली, लसणाची चटणी घातली, करंदीचं कालवण घातलं. तिला दूध इतकं आलं की पोलकं भिजायचं. अडचण दुधाची नव्हतीच, पिणाऱ्याची होती.

आरोग्य केंद्राची आशाताई हेतल बाळाचं वजन करायला आली. बाळाला झोळीत टांगलं, काट्याकडं पाहिलं आणि वहीतलं मागचं वजन पुन्हा काढून बघितलं. मी विचारलं, मधाचं बोट चाटवू का?

"मध नाय, पाणी नाय, आईचंच दूध," ती म्हणाली. "पण पुढच्या वजनाला काटा सरकला नाय, तर मोठ्या दवाखान्यात ठेवायला लागंल."

मंदा भिंतीकडं तोंड करून बसली. तिच्या पाठीवरूनच मला कळलं, ती रडतेय.

मग मी शांतता आणखी वाढवली (माझी अक्कल ही अशी). चूल, शेकशेगडी, लंगोट्या धुणं, आणि मधल्या वेळात दारात बसून कावळे हाकलणं. पाय माझे राहिले नव्हते, कुणाचे तरी उसने आणून लावल्यासारखे वाटायचे.

शुक्रवारी सुजितला सुट्टी, तो भेटायला आला. जेवणं झाली. मी खांबाला टेकून बसले आणि डोळे मिटले. नुसते मिटले.

उघडले तेव्हा सगळे माझ्याभोवती. महादू, सुजित आणि पदराआड बाळ घेतलेली मंदा. बाळ पीत होतं. मुठी आवळून, गटागटा. माझे डोळे भरून आले.

"कधी लागलं प्यायला?" मी विचारलं. त्यासरशी बाळानं पिणं थांबवलं.

"आये, बोलू नको. नीज," मंदा कुजबुजली.

"मी कुठं निजले होते?"

"मग घोरत कोण होतं?" महादू म्हणाला. "म्हैस तर आपण कवाच विकली."

लग्न झाल्यापासून हा माणूस मला घोरतेस म्हणतो आणि मी नाही म्हणते. शेवटी तो ओटीवर निजायला गेला, तरी मी नाहीच म्हटलं. आता साक्षीला दूधपितं पोर होतं.

सुजित आदबीनं पुढं झाला. "आई, राग नका मानू. आमच्या खोलीमागं खिळे पाडायचं मशीन हाय. ते असंच चालतं. आधी घर्र, मग खट्, मग बारीक शिट्टी. मंदा पोटुशी असताना त्याच भिंतीला टेकून बसायची."

म्हणजे बाळानं पोटात असल्यापासून हेच ऐकलेलं. माझं शांत घर त्याला परक्याचं वाटत होतं.

त्या घटकेपासून माझा मान वाढला. जन्मात मला कुणी नीज म्हटलं नव्हतं. आता भरदिवसा अंथरूण घातलं, उशी दिली. आणि झोप येईना. हुकमाची झोप कुणाला आलीय? मी घोरण्याचं सोंग केलं. बाळानं एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. सुजितनं मशीनचा आवाज मोबाइलमध्ये आणून वाजवला, त्यालाही ते फसलं नाही. अखेर महादूनं माझे पाय चेपले (गावात सांगायचं नाही या बोलीवर), तेव्हा कुठं माझा डोळा लागला.

पुढच्या वजनाला काटा चांगला पुढं सरकला. हेतलनं विचारलं, काय केलंत? सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"आराम केला," मी म्हटलं.

मंदा बोईसरला निघाली तेव्हा मीही पिशवी भरली. माझ्याशिवाय बाळ पिणार कसं? सुजित पिशवीकडं बघून अवघडला. "आई, तिथं मशीन हाय ना," तो म्हणाला. मी लुगडी पुन्हा पेटीत ठेवली.

पण देव म्हातारीचाही असतो. शुक्रवारी त्या मशीनला सुट्टी. पहिल्याच शुक्रवारी मंदाचा रडवेला फोन आला आणि फोनमागोमाग सुजित मोटारसायकल घेऊन दारात. तेव्हापासून दर शुक्रवारी मी बोईसरला जाते. मऊ गादी, डोक्यावर पंखा, जेवायला कोंबडी. उठते तेव्हा गुटगुटीत नातू पोट भरून माझ्याच कुशीत निजलेला असतो. माझ्या मंदाला हे सुख लाभलं, तसं ऐकणाऱ्याच्या लेकीसुनांना लाभो.

मी निघाले की गावातल्या बाया महादूला विचारतात, राहीबाई दर शुक्रवारी जातात कुठं?

तो सांगतो, "कंपनीत लागलीय. मशीनच्या बदलीवर."