सवलतीचा नंबर आणि काचेतला आकडा

हे मी लिहिणारच नव्हतो. मिशिगनमधल्या आमच्या वायनडॉट गावात गाड्यांबद्दलचं मत तोंडी असतं तोवर ते मत असतं, कागदावर आलं की तो पुरावा होतो. पण किप राडेमाकर माझा मित्र आहे, आणि जे झालं त्यात निम्मा दोष माझा आहे (उरलेला निम्मा कुणाचा ते पुढे आकडेवारीसह दिलंय). म्हणून लिहितो.

तर, माणूस धर्म बदलू शकतो, देश बदलू शकतो, गुडघा बदलू शकतो. वडिलांनी ज्या कंपनीत तीस वर्षं काढली ती कंपनी मात्र बदलता येत नाही. हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही. पोर चार वर्षांचं झालं की शेजारच्या दारातल्या गाडीकडे बघून आपोआप नाक मुरडतं, आणि मग आईबाप निश्चिंत होतात की पोराची वाढ नीट चाललीय.

घराणी तीन. फोर्ड. जीएम, म्हणजे शेवरले, जीएमसी, ब्युइक आणि कॅडिलॅक या चार भावंडांचं एकत्र कुटुंब. आणि तिसरं घराणं, ज्याचं नाव मालक बदलला की बदलतं, म्हणून सगळे त्याला जुन्या नावाने क्रायसलरच म्हणतात. या तिसऱ्या घराण्याचं मुख्य कार्यालय हल्ली युरोपात आहे. त्याबद्दल आम्ही बोलत नाही. प्रत्येक कुटुंबात एक मावशी असते जिने उतारवयात दुसरं लग्न केलेलं असतं आणि जिचा फोटो भिंतीवर तसाच ठेवलेला असतो, तसंच हे.

टेस्लाचाही विचार झाला. गाडी अमेरिकन आहे हे मान्य. पण आमच्या गल्लीत कुणाचेही वडील तिथे कामाला नव्हते. वडिलांअभावी अर्ज बाद.

आता किपचं सांगतो. किपचं घराणं जीएम, आजोबांपासून. त्याचं प्रेम रोझलिन स्टाहुरावर. रोझलिनचे वडील व्हर्न स्टाहुरा फोर्डच्या रूज कारखान्यात एकतीस वर्षं होते. फेब्रुवारीत एका संध्याकाळी किप माझ्याकडे आला, बूट न काढता बसला.

"लग्नाचं विचारायला गेलो होतो," तो म्हणाला.

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, सध्या काय चालवतोस."

"तू काय सांगितलंस?"

"खरं सांगितलं. शेवरले. मग ते बराच वेळ टीव्ही बघत बसले. टीव्ही बंद होता."

इथे नंबराबद्दल सांगायला हवं. निवृत्त कामगाराला कंपनी वर्षाला मोजकेच सवलतीचे नंबर देते. तो नंबर दुकानात दाखवला की घासाघीस नाही, ठरलेल्या भावात गाडी. पण खरी गोष्ट भाव नाहीच. ज्याला नंबर दिला तो घरचा. रोझलिनच्या थोरल्या बहिणीचा नवरा सहा वर्षं जावई आहे. तीन मुलं आहेत. नंबर नाही. नाताळच्या जेवणाला तो अजून उभ्यानेच जेवतो.

किपला व्हर्न शेवटी एवढंच म्हणाले होते, "पोरा, नवीन गाडी घे. कुठली ते तूच ठरव. डोळे उघडे ठेवून, सगळ्या बघून. मला जावई म्हणून मेंढरू नकोय. ईस्टरच्या आधीच्या शेवटच्या शुक्रवारी फिश फ्रायला ये आणि काय ठरवलंस ते सांग. मग नंबराचं बघू."

वायनडॉटमधल्या कुठल्याही माणसाला या वाक्याचा अर्थ कळला असता. सगळ्या बघ, म्हणजे फोर्ड घे. किपला मात्र अर्थ न कळता नुसतं वाक्य कळलं. तो प्रामाणिक आहे. हा दोष त्याला लहानपणापासून आहे.

"तू मदत कर," तो मला म्हणाला. "तू निःपक्षपाती आहेस."

मी निःपक्षपाती आहे कारण माझ्याकडे सायकल आहे. आमच्या भागात प्रौढ माणूस बिनगाडीचा असण्याची दोनच कारणं असतात, आजारपण किंवा कोर्टाने काढून घेतलेला परवाना. मला सायकलवर बघून लोक आवाज खाली आणतात. एका बाईंनी एकदा माझ्या टोपलीत डबाभर सूप ठेवलं होतं.

तर आम्ही तौलनिक अभ्यास हाती घेतला. अभ्यास सात आठवडे चालला. निष्कर्ष असे.

पिकअप ट्रक. फोर्डचा एफ-१५०, शेवरलेचा सिल्व्हरॅडो आणि क्रायसलरचा रॅम. तिन्हींच्या जाहिरातीत ट्रक डोंगर चढतो आणि मागे लाकडं, दगड किंवा घोडा असतो. आम्ही हार्डवेअरच्या दुकानासमोर दोन शनिवार उभे राहून एकशे बारा ट्रकच्या मागच्या हौद्यात डोकावलो. रिकामे सत्त्याण्णव. नुसता बर्फ असलेले सहा. एकच पिशवी असलेले पाच. कुत्रा असलेले तीन. कपडे धुण्याचं यंत्र असलेला एक (ते शेजाऱ्याचं होतं, आणि ट्रकवाला ते वारंवार सांगत होता). रिकामेपणाच्या बाबतीत तिन्ही कंपन्या तुल्यबळ आहेत.

मोठ्या कुटुंबाच्या गाड्या. एक्सप्लोरर, टाहो, ग्रँड चेरोकी. फरक जाणवेल इतका आहे, पण तो जाणवायला आत बसावं लागतं, आणि आमच्याकडे दुसऱ्या घराण्याच्या गाडीत बसायची पद्धत फक्त अंत्ययात्रेत आहे. पेले ठेवायचे खळगे मात्र बाहेरूनही मोजता येतात. माणसं बसतील त्याहून खळगे जास्त, असं जवळपास सगळीकडे. यावरून अमेरिकन माणसाला दुसऱ्या माणसापेक्षा दुसऱ्या पेयाची सोबत जास्त लागते असं दिसतं.

सेडान. हा विभाग बराचसा कोरा आहे. आमच्या कंपन्यांनी साध्या बैठ्या गाड्या जवळजवळ बंदच केल्यात. मस्टँग आणि कॉर्व्हेट उरल्यात, पण त्या गाड्या नव्हेत, पन्नाशीतल्या पुरुषांचा तो एक टप्पा आहे.

विजेवरच्या गाड्या. तिन्ही घराण्यांतल्या ज्येष्ठांचं मत घेतलं. आमच्या अभ्यासात तिन्ही घराण्यांचं एकमत झालेलं हे एकमेव कलम. तिघंही म्हणाले, "तो फ्रिज आहे."

तज्ज्ञांच्या साक्षीही घेतल्या. किपच्या वडिलांना फोर्डबद्दल विचारलं तर ते म्हणाले, अडतीस वर्षांपूर्वी त्यांच्या मेव्हण्याकडे एक गाडी होती, ती थंडीत सुरू व्हायची नाही. हे मी कंपनीच्या दोषांत लिहून घेणार होतो. पण मग समोरच्या फोर्डवाल्या घरी गेलो, तिथेही नेमका तसाच मेव्हणा निघाला, तीच थंडी, आणि गाडी जीएमची. तिसऱ्या घरातही निघाला. तेव्हा गाड्यांना बाजूला ठेवून मी "मेव्हणे" असा वेगळा विभाग केला.

सहाव्या आठवड्यात आमच्याकडे तक्ते होते, आलेख होते, निर्णय नव्हता. सगळ्या गाड्या चांगल्याच निघत होत्या. हे फार वाईट लक्षण असतं.

तेव्हा किपला कागद दिसला. नव्या गाडीच्या खिडकीवर एक कागद चिकटवलेला असतो आणि त्यात सुटे भाग किती टक्के इथले नि किती बाहेरचे ते लिहिलेलं असतं. कायद्यानेच लिहावं लागतं. कायद्याने जे लिहावं लागतं ते कुणी वाचत नाही, ही सोय गृहीत धरलेली असते. किपने वाचलं. आसपासच्या दुकानांतल्या चौदा गाड्यांचं वाचलं. त्या चौदांत सगळ्यात जास्त इथली निघाली ती एक जपानी नावाची गाडी. ओहायोत जोडलेली.

मी म्हटलं, "किप, लेका, जपान एक वेळ खपेल. ओहायो?"

आम्हा मिशिगनवाल्यांचं ओहायोशी काय आहे ते सांगत बसत नाही. फुटबॉलपासून सुरू होतं आणि बहुधा स्वर्गातही वेगळ्या दाराने जावं लागेल.

"पण खरं तेच आहे ना," किप म्हणाला.

"खरं आहे म्हणून तर म्हणतोय."

शेवटच्या शुक्रवारी किपने ती गाडी दुकानातून फिरवून बघायला म्हणून घेतली आणि थेट कामगार संघटनेच्या हॉलवर आणली. ईस्टरआधीच्या दर शुक्रवारचं माशांचं सामुदायिक जेवण, म्हणजे फिश फ्राय, तिथेच असतं. तळलेला कॉड, पिरोगी, कोबीची कोशिंबीर, आणि पार्किंगच्या तोंडाशी पाटी: "पार्किंग फक्त अमेरिकेत बनलेल्या गाड्यांसाठी. इतरांनी रस्त्यापलीकडे." त्या पाटीखाली नारिंगी जाकीट घालून एल्डन ब्रिस्को उभे असतात. निवृत्त झाल्यापासून ही त्यांची दुसरी नोकरी, बिनपगारी, त्यामुळे अधिक कडक.

"नाही," एल्डन गाडीकडे बघून म्हणाले.

"अमेरिकेत बनलीय," किप म्हणाला.

"नाव बघ तिचं."

"पाटीवर नाव कुठेय? बनलेली असं लिहिलंय."

आणि इथे माझा निम्मा दोष येतो. मला लायब्ररीत वाचून वाचून बऱ्याच गोष्टी माहीत झाल्यात, आणि त्या आत राहत नाहीत. मी म्हटलं, "एल्डन, काचेच्या कोपऱ्यात सतरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. पहिलं एक, चार किंवा पाच असेल तर इथली. दोन म्हणजे कॅनडा. तीन म्हणजे मेक्सिको. बघा, हिचा एक आहे."

एल्डननी वाकून बघितलं. मग सरळ झाले. मग का कोण जाणे, त्यांनी शेजारच्या गाडीच्या काचेत बघितलं. मग तिच्या शेजारच्या.

गारा पडत होत्या. मी टॉर्च धरला.

एकूण गाड्या चौसष्ट. इथल्या एक्केचाळीस. कॅनडाच्या नऊ (नदीपलीकडचाच देश असल्याने एल्डननी तिथल्या तिथे त्याला "शेजार" असा दर्जा दिला). मेक्सिकोच्या चौदा. आणि त्या चौदांत, हॉलच्या दाराला अगदी लागून, धुऊन पुसून उभी केलेली एक निळी मॅव्हरिक. फोर्डचाच छोटा ट्रक. गेल्या शरदात घेतलेला. व्हर्न स्टाहुरांचा.

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं. कुणी वाचलं नव्हतं, एवढंच.

एल्डन आत गेले. व्हर्नच्या टेबलाशी जाऊन कानात काहीतरी बोलले. व्हर्ननी काटा खाली ठेवला, तोंड पुसलं, कोट घातला आणि बाहेर आले. मी टॉर्च विझवला. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. पाटी वाचली. ती पाटी त्यांनीच रंगवली होती, बऱ्याच वर्षांपूर्वी, हे मला नंतर कळलं. मग ते आपल्या ट्रकमध्ये बसले, तो बाहेर काढला, रस्त्यापलीकडे नेऊन लावला, आणि गारांतून चालत परत आले.

ते बघून एकेक जण उठला. चौदाच्या चौदा गेल्या. मग कॅनडावाले नऊही, कारण चौदा जण परदेशी ठरल्यावर शेजार म्हणून मागे राहणं बरं दिसत नाही. मग उरलेलेही निघाले, व्हर्न पलीकडे असताना आपण इकडे कसे. वीस मिनिटांत पार्किंग रिकामं. मधोमध किपची ओहायोवाली एकटीच. एल्डन माझ्याकडे वळले. "सायकल कुठली?" उलटी करून बघितली. तैवान. मीही पलीकडे गेलो.

आत कॉड गार झाला होता. किप तक्त्यांचं बाड घेऊन व्हर्नच्या समोर बसला. रोझलिन शेजारी.

"तुम्ही म्हणालात डोळे उघडे ठेव, मिस्टर स्टाहुरा," किप म्हणाला.

"मेंढरू नको म्हणालो होतो," व्हर्न म्हणाले. "लांडगा हवाय असं नव्हतो म्हणालो."

"तुमचा ट्रक बघायचा नव्हता मला. आईशपथ."

"माहितेय." त्यांनी गार मासा मोडला. "एकतीस वर्षं दारं बसवली मी. अजून गाडीत बसलो की आधी दाराचा आवाज ऐकतो. मॅव्हरिकचं दार चांगलं लागतं. ज्याने बसवलं त्याला काम येतं." त्यांनी काटा ठेवला. "तो कुठे राहतो ते मी विचारलं नव्हतं."

मग रोझलिन बोलली. "बाबा, त्याला नंबर द्या. नाहीतर लग्नाला मी बसने येईन. पांढऱ्या झग्यात. बसस्टॉपवर उभी राहीन, सगळ्यांना दिसेल अशी."

व्हर्ननी कागदी रुमालावर नंबर लिहिला. किपच्या हातात देण्याआधी घडी घातली.

"काय घेणार?"

"एफ-१५०," किप म्हणाला. "इथेच बनतो. तुमच्या जुन्या कारखान्यात."

"वाचलंस?"

"वाचलं."

"ठीक," व्हर्न म्हणाले. "मग आता वाचणं बंद."

किपच्या वडिलांनी ही बातमी धीराने घेतली. एफ-१५० त्यांच्या दारात उभा राहू शकतो, अट एकच, तोंड रस्त्याकडे. थोरला जावई मात्र अजून उभाच जेवतो, त्याने काहीच वाचलं नव्हतं, तरी त्याला नंबर नाही. या बाबतीत आमच्या अभ्यासातून काही निष्पन्न झालेलं नाही.

पार्किंगही पूर्ववत झालंय. निळी मॅव्हरिक दाराला लागून उभी असते. पाटी तीच आहे. फक्त व्हर्ननी तिच्याखाली, त्याच रंगात, एक ओळ वाढवलीय: "काचेतून आत डोकावू नये."

जूनमध्ये लग्न. मी किपचा करवला, म्हणून भाषण माझं. काल तो आला होता, या वेळी बूट काढून बसला. म्हणाला, "एक शब्द दे. लग्नात मोजामोजी नको. वाकून बघणं नको. काही उलटं करणं नको."

मी दिला. आणि माझा शब्द अर्धवट नसतो, त्यात तुम्हीही आलात. तुमच्या घरी कधी आलो, आणि ज्या वस्तूवर तुमचा फार जीव आहे, जी आपलीच म्हणून पाहुण्यांना दाखवता, ती तुम्ही माझ्या हातात दिलीत, तर मी ती तशीच सुलटी धरीन, छान आहे म्हणेन आणि परत ठेवीन. खाली काय लिहिलंय ते तुम्हाला माहीतच आहे.