शुद्ध विजेचा हेडफोन

मांजरसुंब्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या अंगदचं ठाम मत होतं, की त्याच्या वाडीत आजवर कुणी गाणं ऐकलेलंच नाही. म्हणून त्याने पुण्याच्या एका हौशी माणसाकडून इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन आणला. केसाहून पातळ पडदा आणि त्यावर पाचशेच्या वर व्होल्ट! नुसत्या मोबाइलला जोडून तो तोंड उघडत नाही. त्याची वेगळी पेटी असते आणि तिला घरची वीज लागते.

वडील धुळाजी यांचा जन्म मेंढरांमागे गेलेला. त्यांनी एकच अट घातली. रविवारपर्यंत गाणं ऐकव, नाहीतर माल माघारी. विकणाऱ्यानेही तेवढीच मुदत दिली होती.

रविवार उजाडला तरी हेडफोनात गाण्याआधी घूंघूं यायची. जणू पेटीत भुंग्याने बिऱ्हाड केलंय. अंगदने निदान केलं, वाडीची वीज अशुद्ध आहे. निम्म्या वाडीने तारांवर आकडे टाकलेले. कुणाची मोटर, कुणाची शेगडी.

"चोरीच्या विजेवर संगीत होत न्हाई," त्याने बायकोला, योगिताला, ऐकवलं.

मग रामेश्वरच्या हॉटेलात चहा पिता पिता तो सहज म्हणाला, बीडहून पथक निघालंय, आकडे धरायला. चहा संपायच्या आत रामेश्वरने स्वतःचाच आकडा काढला. माणसं बांबू घेऊन खांबांकडे पळाली. दुपारपर्यंत तारा इतक्या मोकळ्या झाल्या, की पाखरांना ओळखू येईनात.

घरी व्होल्टेज दोनशे तीस! भुंगा बिऱ्हाड सोडून गेलेला. अंगदने धुळाजींना बाजेवर बसवलं, मुंडासं उतरवून हेडफोन चढवला आणि मोबाइलवर सनई लावली. म्हाताऱ्याचा चेहरा फुलला, मान डोलू लागली. मग मान थांबली.

"बंद पडलं की रं."

मोबाइलवर तर गाणं पुढे सरकत होतं. अंगद हसला. "बंद न्हाई आबा. दोन सुरांमधली शांतता हाय ती. साध्या हेडफोनात असली मिळत न्हाई."

धुळाजींनी आदराने डोळे मिटले. शांतता लांबत गेली.

तेवढ्यात अंगदची आई ताराबाई हातात बांबू घेऊन आत आली आणि वायरीचं वेटोळं ज्वारीच्या कणगीत खुपसू लागली.

"आपला आकडा काढला बाबा एकदाचा," ती धापा टाकत म्हणाली. "मीटर जळाल्यापासून त्येच्यावरच चाललंय. तुला कळलं तर भाषण देशील म्हून बोलले न्हाई."

अंगदने पेटीकडे पाहिलं. तिचा दिवा विझलेला होता.

धुळाजींनी हेडफोन काढला. "सनई लई गोड होती. शांतता जरा जास्त झाली. उरलेलं ऐकव, मंग ठेव तुजं यंत्र."

अंगदने कणगीतून वायर काढली, बांबू घेतला आणि खांबाखाली उभा राहिला. आकडा तारेवर बसतो न बसतो, तोच रामेश्वर हॉटेलातून ओरडला, "गेलं का पथक?"

"गेलं," अंगद म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

तो घरात येईस्तोवर भुंगा बिऱ्हाडासकट परतला होता. धुळाजी कान चोळत बसले होते, आणि योगिताने माळ्यावरून हेडफोनचं खोकं काढून ठेवलं होतं.