ओठ पुढे, आवाज मागे

दिगूकाका राणे समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलत नाहीत, ओठांकडे बघतात. तुम्ही नुसतं "काय काका, बरे आहात ना?" विचारा, ते मान जराशी तिरकी करून तुमच्या तोंडाची उघडझाप निरखतील, वाक्य संपल्यावर क्षणभर थांबतील आणि मग म्हणतील, "बरा आहे." चाळीत नवीन लग्न होऊन आलेल्या सुना या प्रकाराने हबकायच्या. एकीने तर सासूकडे तक्रार नेली. सासू म्हणाली, "अगो, तो तुझ्याकडे नाही बघत, आवाज जुळतो की नाही ते बघतो." सुनेचं तेवढ्याने समाधान झालं असेल, असं मला वाटत नाही.

काका डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींच्या डीव्हीडी करून देतात. हसा, हसा. मीही हसले होते. आता डीव्हीडी लावतं कोण, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. मी तशी फटकळच. काका शांतपणे म्हणाले, "तुझी आई लावते." खरंच होतं ते. आमच्या चाळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या टीव्हीखाली अजून प्लेअर आहे आणि त्यावर क्रोशाचा रुमाल आहे. मी पेन ड्राइव्हचं नाव काढलं, तर म्हणाले, "तो म्हातारीच्या हातातनं पडला की लादीच्या फटीत जातो. तबकडी पडली तर दिसते तरी." 

तीन तासांची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला तीन तासच लागतात, त्यात घाई चालत नाही. तेवढा वेळ काका मशीनसमोरून हलत नाहीत. दाराला पाटी असते, 'आत लग्न चालू आहे. दार वाजवू नये.' नवा कुरिअरवाला एकदा ती पाटी वाचून चपला काढून, हात जोडून गॅलरीत उभा राहिला होता. आतून सनई ऐकू येत होती, त्याची तरी काय चूक?

पण खरं दुखणं त्यानंतर सुरू होतं. उतरवलेली फाइल प्लेअर तशीच घेत नाही, डीव्हीडीला चालेल अशी करून द्यावी लागते. काकांच्या भाषेत, चित्र वेगळं शिजतं, आवाज वेगळा शिजतो आणि मग दोघांची गाठ मारायची. जुनी कॅसेट अडखळली की चित्राचे तुकडे गळतात, आवाज मात्र सगळा उतरतो. म्हणजे चित्र पुढे पळतं आणि आवाज मागे राहतो. "ओठ पुढे, आवाज मागे," काका हे अशा सुरात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं घरात कोणी आजारी आहे. मग अक्षता आधी पडतात आणि 'सावधान' मागाहून येतं. कानपिळीत मेव्हण्याने कान सोडून दिला, तरी नवरदेवाचं 'आई गं' यायचंच असतं. दुसरा कोणी असता तर चालवून घेतलं असतं. काका फाइलीचे तुकडे करतात, ताशावरची टिपरी किंवा कोणाची टाळी शोधतात, तिथे आवाज बसवतात आणि पुढच्या तुकड्याकडे वळतात. त्यामुळे कोणाची डीव्हीडी कधी मिळेल, हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही.

त्यांचा आणखी एक हट्ट होता. मूळ आवाजाला हात लावायचा नाही. आमच्याच चाळीत वाढलेला आणि आता समोरच्या टॉवरमध्ये राहायला गेलेला एक जण कॅसेट घेऊन आला होता. नातेवाइकांची बडबड काढा आणि त्यावर छान गाणी टाका, एवढंच त्याचं म्हणणं. काकांनी कॅसेट परत त्याच्या हातात ठेवली आणि, "लग्नात आलेल्या माणसांना मी हाकलत नाही," असं सांगून दार लावून घेतलं. सगळ्यांनी त्यांना विक्षिप्त ठरवलं. मीही त्या सगळ्यांतलीच.

मग माझ्याच लग्नाच्या कॅसेटची वेळ आली.

माझं सासर दादरला. आई चाळीतच राहते, पहिल्या मजल्यावर. बाबा माझ्या लग्नानंतर लवकरच गेले. गिरणीतला माणूस, कॅमेऱ्यासमोर उभं राहायची सवय नाही. सबंध लग्नात ते खुर्च्या उचलत आणि पंगती वाढत फिरले. त्या अख्ख्या कॅसेटमध्ये ते धडपणे एकदाच दिसतात, पाठवणीच्या वेळी. माझ्या नवऱ्याचा हात धरून काहीतरी सांगतात. मी तेव्हा पदरात तोंड घालून रडत होते, मला एक अक्षर कळलं नाही, आणि कॅसेटमध्येही गलक्यात ते ऐकू येत नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "असेल काहीतरी, सांभाळा वगैरे." पुरुषांना महत्त्वाचं तेवढं लक्षात राहत नाही. आईला विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

आता आईच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. उरली आहे तेवढी नजरही हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आईने रडारड केली नाही. माझ्या हातात कॅसेट दिली आणि म्हणाली, "दिगूकडे दी. तेंका बोलताना बघूचे आसत माका. डोळे आसत तवसर." तेंका म्हणजे बाबांना. आमच्या घरात नवऱ्याचं नाव घेत नसत.

मी कॅसेट दिली आणि डोळ्यांचंही सांगितलं. काकांनी मान हलवली. आठवडा गेला, दुसरा गेला. मी दर खेपेला जिना चढून जायची आणि काका दार किलकिलं करून म्हणायचे, "आवाज बसला नाही अजून." शेवटी माझा तोल गेला. भर गॅलरीत मी त्यांना म्हटलं की तुमचा आवाज बसेपर्यंत माझ्या आईचे डोळे बसतील. काका माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग खाली मान घालून आत गेले. त्यानंतर चार-पाच दिवसांनी त्यांनी स्वतः निरोप पाठवला, डीव्हीडी घेऊन जा.

आईला मी टीव्हीच्या अगदी पुढ्यात स्टूलवर बसवलं. पाठवणी आली. घामेजलेले बाबा गर्दीतून पुढे आले, उजेडात उभे राहिले, नवऱ्याचा हात धरला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "जावईबापू, ही भांडली तर घाबरू नका. गप्प बसली तर मात्र मला कळवा."

मी आधी हसले आणि मग मला हुंदका आवरेना. इतक्या वर्षांनी बापाने माझी बाजू घेतली होती, आणि ओठ न् ओठ जुळला होता. मी आईकडे बघितलं. तिच्या कपाळाला आठी होती.

"शालू खंय गेली?" तिने विचारलं.

शालूकाकी म्हणजे दिगूकाकांची बायको. आता ती नाही. काका पूर्वी या भागातल्या लग्नांचं शूटिंग करायचे, तेव्हा कॅमेऱ्याशेजारी मोठा दिवा हातात धरून उभी राहायची ती शालूकाकी. दिवा धरायला ठेवलेला माणूस पहिल्या पंगतीलाच गायब व्हायचा, म्हणून काकीनेच ते काम घेतलं. हात दिव्यात अडकलेले, म्हणून तोंड मोकळं. ह्याला पुढे ये सांग, तिला पदर नीट घे सांग, अखंड चालू. आई म्हणाली, बाबा बोलत होते तेव्हाही शालू बोलतच होती. कॅसेटमध्ये बाबांचं बोलणं तिच्याच आवाजाखाली बुडालं होतं.

मी वर गेले. दाराला पाटी नव्हती. काकांना विचारलं, तर ते लगेच कबूल झाले. दोन्ही आवाज एकाच माइकमधले, सुटे होईनात. मग गर्दीतला एकच आवाज वेगळा काढणारं एक सॉफ्टवेअर मिळालं. शब्द शब्द करून तिला पुसत गेलो, म्हणाले. पुसायला हात होत नव्हता, म्हणून इतके दिवस लागले.

"पण तुम्ही तर कोणाचाच आवाज काढत नाही," मी म्हटलं.

"तुझ्या आईचे डोळे चाललेत," काका म्हणाले. "शालूचं काय, ती अजून बऱ्याच लग्नांत आहे. घरी तिचे फोटो आहेत गो. आवाज तेवढा लोकांच्या लग्नांत राहिलाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गाणी टाकायला नकार का, पाटी लावून तीन-तीन तास लोकांची लग्नं बघणं कशासाठी, सगळं कळलं आणि मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, मग त्याच सॉफ्टवेअरने काकींचा आवाज वेगळा काढून ठेवा ना, हवा तेव्हा ऐकता येईल.

"काढला होता एकदा," ते म्हणाले. "ऐकवत नाही. एकटीच बोलतेय असं वाटतं."

मी खाली येऊन आईला सगळं सांगितलं.  आई म्हणाली, "दिगूक सांग, तेंचा बोलणा माका पाठ आसा. तेव्हा मी बाजूकच होतंय. शालूक परत घाल."

मी तसाच्या तसा निरोप पोचवला. दोन दिवसांनी काका नवी डीव्हीडी घेऊन स्वतः खाली आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईच्या शेजारी खाली चटईवर बसले. पाठवणी आली, बाबा गर्दीत घुटमळले आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून खणखणीत आवाज आला, आधी बाबांना आणि मग मला, "भाऊ, रडणं मागाहून. आधी उजेडात या बघू. नंदे, तू पण तोंड वर कर गो, एवढा भरजरी शालू काय झाकून न्यायचाय?" बाबांचे ओठ हलत होते आणि काकी बोलतच होती. आईने टीव्हीच्या काचेला जवळजवळ नाक लावलं आणि बाबांच्या ओठांबरोबर ते वाक्य स्वतः म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

काका रडत होते. लपवत नव्हते.

"कितक्या बोलायची रे ती," आई म्हणाली.

"व्हय," काका म्हणाले. "घरात पण असाच." मग त्यांनी रिमोट हातात घेतला. "परत लावू, वयनी?"

"लाव," आई म्हणाली. "घाई कोणाक आसा?"