साहेबांची टाकी गळत नाही!

गळकी वस्तू माझ्यासमोर ठेवा आणि बाजूला व्हा! छत असो, छत्री असो, सायकलची ट्यूब असो, माझा हात लागला की गळती बंद! हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगतो. साहेबांनाही सांगितलं, आणि तिथेच माझं घोडं पेंड खायला लागलं.

त्र्याऐंशी सालचा मे महिना. मी भंडाऱ्याला शेतीखात्याच्या कार्यालयात बाबू होतो. बदल्यांचा मोसम होता आणि सिहोऱ्याच्या बियाणे केंद्रातली बाबूची जागा रिकामी पडली होती. सिहोरा म्हणजे माझी सासुरवाडी! आता सासुरवाडीत जावयाला लोक पाटावर बसवतात. माझे सासरे यादोराव मला भाताच्या बांधीत, गुडघाभर चिखलात उतरवतात! एका पावसाळ्यात "जवाईबापू, रोवणी सुरू हाय, जरा पेंढ्या फेकून द्या ना," म्हणाले. दिवसभर मी चिखलात लावणीसाठी रोपांच्या पेंढ्या फेकल्या, आणि पुढे महिनाभर कार्यालयात लोकांना वाटत होतं की मी सगळ्यांना वाकून नमस्कार करतोय. तिथे कायमची बदली? नको रे बाबा! बायको मंदा मात्र माहेर मिळणार म्हणून देवाला नारळ बोलून बसली होती.

आमचे साहेब पुण्याकडचे. येताना त्यांनी माशांची एक टाकी आणली होती. काचेची नव्हे, ॲक्रिलिकची! दिसायला काच, वजनाला हलकी, आपटली तरी फुटत नाही. फक्त सांध्यांतून गळते. त्यामुळे मासे आंघोळीच्या बादलीत राहत होते आणि साहेब तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकत होते.

"द्या माझ्याकडे," मी म्हणालो. "रविवारी येऊन घेऊन जा. थेंब गळला तर नावाचा टिकाराम नाही!"

"जमलं तर तुमच्या बदलीचंही बघू," साहेब म्हणाले. "कुठे जायचं नाही ते सांगून ठेवा."

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांना फोन आला. म्हटलं, रविवारी टाकी हातात देऊ आणि मग सांगू. नुसतं सांगण्यापेक्षा काम दाखवून सांगितलेलं बरं.

ही विद्या मी नागपूरला नावाच्या पाट्या करणाऱ्या चुलतभावाकडून उचलली होती. ॲक्रिलिकला डिंक चालत नाही. सांध्यात क्लोरोफॉर्म सोडायचा, दोन्ही पत्रे जरा विरघळतात आणि एकजीव होतात. मग आतल्या कोपऱ्यांत त्याच प्लास्टिकच्या पट्ट्या बसवायच्या, म्हणजे सांधा पक्का. औषधाच्या दुकानात क्लोरोफॉर्म मागितला तर दुकानदार चष्म्यावरून बघायला लागला.

"कोनाले झोपवता, बाबू?"

"सासऱ्याले!" मी म्हणालो. त्याने लगेच बाटली दिली.

चारही उभे सांधे मी असे भरले की बघत राहावं! खिडक्या सगळ्या उघड्या ठेवल्या तरी मंदा नाकाला पदर लावून अंगणात बसली. तळाचे सांधे तेवढे सोडून दिले. माझा हिशेब सरळ होता. एवढं पाणी वरून दाबून बसणार, तर तळ उघडेल कशाला?

आता टाकी भरून बघायची, तर ठेवायची कुठे? घरात एकच भक्कम वस्तू होती, लग्नात मिळालेली सागवानी संदूक. सासऱ्यांनी घराचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायला काढले होते, म्हणून त्यांनी आपलं चिन्नोर जातीच्या धानाचं, म्हणजे भाताचं, बियाणं त्या संदुकीत काठोकाठ ओतून ठेवलं होतं.

"अवो, बाबाचं बी हाय त्याच्यात," मंदा म्हणाली. "वरतून पानी कायले ठेवता?"

"गळणारच नाही, तर पाण्याचं काय?" मी झाकणावर गोधडी दुमडून घातली, वर टाकी ठेवली, काठापर्यंत भरली आणि पाण्याच्या पातळीवर बाहेरून कुंकवाची रेघ ओढली. शेजारचा तेजराम आत आला आणि रेघ बघून त्याने आधी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली!

मी जमिनीवर पालथा पडून बघितलं. फरशी कोरडी ठणठणीत! संदूक बाहेरून कोरडी! मग पाणी गेलं कुठे?

"मंदे, चहाला पाणी कुठलं घेतलंस?"

"मले का घागरी नाईत का घरात?"

पुन्हा भरलं. संध्याकाळी पुन्हा बोटभर खाली. माझं जेवणात लक्ष लागेना. घास तोंडात आणि डोळा रेघेवर. कार्यालयातून तासातासाला निमित्त काढून सायकलवर घरी यायचो, रेघ बघायचो, परत जायचो. साहेबांना वाटलं, बाबूचं पोट बिघडलं. त्यांनी गोळ्या पाठवल्या!

"भाऊ, गळत नाई, तं उडून राहिलं," तेजरामने निकाल दिला. "मे महिन्यात इथं मानूस वाळते, पान्याचं का घेऊन बसले!"

"रोज दोन-दोन बोटं उडतं?"

"मंग पाळ मजबूत करा. आमच्या तलावाची पाळ झिरपली तं आमी मातीनं चोपतो आन् वरतून गोटे लावतो."

गोटे लावले नाहीत, एवढीच माझी अक्कल शाबूत होती. बाकी सगळं केलं. उभ्या सांध्यांवर आतून आणखी पट्ट्या, बाहेरून पट्ट्या, त्यावर सायकलच्या ट्यूबचे आवळते पट्टे! टाकी हाड मोडल्यासारखी दिसायला लागली. पाणी रोज कमी होतच होतं आणि मी घागरीने भरतच होतो.

"संदुकीतून कसातरी वास येऊन राहिला," मंदा म्हणाली.

"क्लोरोफॉर्म आहे तो."

"कोंब फुटल्यावानी येऊन राहिला जी!"

"क्लोरोफॉर्मचा वास तुला जास्त कळतो की मला?"

रविवार उजाडला. मी पहाटेच उठून टाकी रेघेपर्यंत भरली. साहेब जीपमधून उतरले, टाकी बघितली, फरशीवर हात फिरवला. "वा! कोरडी आहे की!" मी घसा खाकरला. आता सिहोऱ्याचं नाव काढायचं, एवढ्यात दारात आवाज आला.

"जवाईबापू, मिरग तोंडावर आला. बी न्याले आलो!"

खांद्यावर रिकामी पोती घेऊन सासरे उभे!

टाकी उचलल्याशिवाय संदूक उघडेना. साहेबांनी एक बाजू धरली, तेजरामने दुसरी. खालची गोधडी पिळली असती तर बादली भरली असती. झाकणाच्या दोन फळ्यांमधल्या फटीतून पिवळी-हिरवी पाती ओळीने डोकावत होती. मंदाने झाकण उघडलं. आत काठोकाठ धान उगवलं होतं! मुळं एकमेकांत अशी गुंतलेली की सगळं सतरंजीसारखं उचलून घ्यावं. टाकीचा तळ आठवडाभर थेंब थेंब पाजत होता आणि खालचं बियाणं ते पाणी निमूट पीत होतं!

सासऱ्यांनी टोपी काढली. "माहं चिन्नोर!" एवढंच म्हणाले. एकेक लोंबी निवडून त्यांनी ते बी राखलं होतं. मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब मात्र संदुकीपाशी उकिडवे बसले.

"टिकाराम! हे तुम्ही केलंत?"

"हो साहेब... म्हणजे, साहेब..."

"वरून थेंब थेंब पाणी, गोधडीचं आच्छादन, अंधारात उगवण! अहो, मला टाकीचं सांगून तुम्ही घरात प्रयोग करत होतात!"

सासऱ्यांनी एकदा बियाण्याकडे बघितलं, एकदा साहेबांकडे, आणि मग बराच वेळ माझ्याकडे. टोपी पुन्हा डोक्यावर गेली.

"सायब, जवाई आमचा लाजाळू हाय. शेतीचं लय येड हाय त्याले! हे रोप आता चिखलात लावतो मनलं तं अर्धं तरी वाचंल. पन लावाले मानूस पायजे. हात जोडून इनंती हाय, याले सिहोऱ्याले धाडा."

"साहेब, मला सिहोरा..." मी सुरुवात केली.

"ते तसेच हायेत, सायब," मंदा पदर सावरत म्हणाली. "मनातलं तोंडानं सांगतच नाईत."

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. टाकी त्यांनी माझ्यापाशीच ठेवली, पुढच्या प्रयोगासाठी.

आदेश दोन दिवसांत आला. मंदाने नारळ फोडला. मी आदेश शेवटपर्यंत वाचला, कुठे काही पळवाट मिळते का म्हणून. शेवटची ओळ होती: 'सदर बदली कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या विनंतीवरून करण्यात येत असल्याने प्रवासभत्ता मिळणार नाही.'