सदू मिस्तरीचं पॅकिंग

सदू मिस्तरी मोटारीच्या इंजिनाचं झाकण बसवताना डोळे मिटून घ्यायचा. सहा बोल्ट, सहाही न बघता. विचारलं तर म्हणायचा, "डोळं उघडं ठेवलं की हात माजतो, शेट. घट्ट नको. पुरतं."

ही 'पुरतं'ची शिकवण तो सगळ्यांना द्यायचा. एकदा माझी बायको लोणच्याच्या बरणीला दादरा बांधत होती, तिलाही दिली. तिने त्याला मोटारीत लक्ष घालायला सांगितलं.

साठ सालाच्या आधीची गोष्ट. शहापुरात माझी भातगिरणी होती आणि एक जुनी विलायती मोटार. इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाखाली पॅकिंग लागतं, नाहीतर तेल गळतं. मिस्तरी ते पुठ्ठ्याचं कापायचा, पण पुठ्ठा छापील हवा. लग्नपत्रिका, पंचांगाचं कव्हर, माझ्या मुलीची अंकलिपीसुद्धा त्याने कापली. "कोरा कागद तेल पितो, शेट. छापलेला शिकलेला असतो."

मग तो चहा मागवायचा, मोटारीखाली म्हशाच्या जत्रेतली पांढरी थाळी ठेवायचा, आणि थेंब पडतो का ते बघत आम्ही तासभर बसायचो. बोलायचा तोच. मजुरी घ्यायचा नाही.

मला नोंदी ठेवायची सवय. वही चाळली तर अकरा वेळा पॅकिंग बदललं होतं, आणि अकराही वेळा ते तिसऱ्या आठवड्यात गळलं होतं.

पुढच्या खेपेला त्याच्या पेटीत मला बुचाचं कोरं करकरीत पॅकिंग दिसलं.

"ते तुमच्या मोटारीचं नाय," तो घाईने म्हणाला.

मी सुतळीने सहा भोकांमधलं अंतर मोजलं. माझ्याच मोटारीचं होतं.

"मिस्तरी, आठ महिने मला पुठ्ठ्यावर फिरवलंत?"

"मोजमाप गिरणीत करा ना! हितं कशाला?"

मी रागावून निघालो. निघता निघता सांगून टाकलं, की गिरणी पुढच्या महिन्यात मुरबाडला हलवतोय.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने मोटार मागवून घेतली. बुचाचं पॅकिंग पाण्यात भिजत घातलेलं होतं. "सुकून आखडलं व्हतं. भिजलं की मापात येतं," एवढंच बोलला. डोळे मिटून सहा बोल्ट आवळले. थाळी ठेवली नाही. चहाचे दोन कप पुसून एकात एक घातले आणि पेटीत ठेवून दिले.

"आता गळायचं नाय. तुमाला यायला नको."

मुरबाडला तीन महिने झाले. रोज सकाळी मोटारीखाली वाकून बघायचो. एक थेंब नाही.

एका रविवारी मी पाना घेतला, डोळे मिटले आणि मधला बोल्ट सैल केला. जास्त नाही. पुरता.

मग वहीत नोंद केली : झाकण गळतं. शहापूरला जाणं भाग आहे.