निळी रेघ आणि बत्तीस बाण

वाटा आखण्यात माझा हात धरणारा तळोद्यात कुणी नाही, हे मीच सांगतोय. निवृत्त झालो आणि सहाव्या महिन्यात भवरगडाची गोल फेरी तयार केली. पायथ्यापासून चढायचं, जुनी तटबंदी बघायची, पलीकडे निंबापाड्यात उतरायचं आणि ओढ्याकाठानं परत गाडीपाशी. कुणी चुकू नये म्हणून वाटेत पांढऱ्या तेलरंगानं बाण काढले, नंबर टाकले. एक ते बत्तीस. पंधरा पावसाळे रंग हलणार नाही, असं दुकानदार म्हणाला होता.

पहिल्या फेरीला मेहुणा बन्सीलाल आला, कोरे बूट घालून.

"दाजी, वाट बरोबर शे ना?"

"डोया झाकीसन चाल," मी म्हणालो.

गडापर्यंत सगळं झकास. पलीकडे उतरताना मात्र एकोणीस नंबरचा बाण दिसेना. वीसही नाही. एकविसाचा दगड पालथा पडलेला. बाविसावर ताजं शेण फासलेलं.

"दाजी, तुमना बाण कोठे गयात?"

"ढोरे फिरतस आठे."

"ढोर नंबर पाहीसन हागस का?"

पाड्याजवळच्या वळणावर पंधरावीस माणसं वाट अडवून उभी होती. सगळ्यांत पुढे साठीची एक बाई, हातात कोयता. तिचं नाव सोनीबाई, हे नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त कोयता दिसत होता.

"दगडावर तू लिवला?" तिनं विचारलं. सातपुड्यात साहेबालाही 'तू'च म्हणतात.

मी तोंड उघडायच्या आत बन्सीलाल पुढे झाला. "ह्या मोठा साहेब शेतस. मोजीमापीसन नंबर टाकात ह्यासनी."

साहेब म्हटलं की लोक बाजूला सरतात, असा त्याचा आजवरचा अनुभव. हे लोक आणखी जवळ आले.

आता कागदच दाखवावा म्हणून मी खिशातून नकाशा काढला. स्वतः काढलेला, गड आणि पाडा मध्ये घेऊन भोवती निळ्या पेनाची ठळक रेघ, तिच्यावर बत्तीसपर्यंत आकडे. सोनीबाईनं तो हातात घेतला आणि ती मटकन खालीच बसली.

"हीच रेघ," ती म्हणाली. "मणिबेलीकडं माझं माहेर होतं. बापाला असाच कागद दाखवला. आधी दगडावर नंबर, मग निळी रेघ. रेघेच्या आत धरणाचं पाणी येईल म्हणाले. आलं. आता इथं बी आणता?"

मला भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटली.

"पाणी नाही येणार, बाई. ही फिरायची वाट आहे. डोंगर चढायचा, उतरायचा, घरी जायचं."

"वर काय काम?"

"काही नाही."

पोलीस पाटील वाहरूनं विचारलं, "पगार कोण देतो?"

"कुणीच नाही."

इथं सगळं बिघडलं. बिनपगारी माणूस बत्तीस दगड रंगवतो, यावर तिथल्या एकाचाही विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर माझ्या बायकोचाही बसला नव्हता.

"दाजी, आते बोलू नका," बन्सीलाल कुजबुजला.

"पुसा," सोनीबाई म्हणाली. "सगळे."

तेलरंग पुसला जात नाही, शेणानं झाकावा लागतो. पाड्याकडचे बाण त्यांनी आधीच झाकले होते, उरलेले गडाच्या गाडीकडच्या बाजूला. बन्सीलालच्या डोक्यावर शेणाची पाटी, मागे सोनीबाई कोयत्यासकट, आणि मी दर दगडापाशी वाकलेला. अशी माझी गोल फेरी उलटी झाली. ती प्रत्येक दगड मोजत होती, आधी झाकलेले धरून. गाडीपाशी पोचल्यावर म्हणाली, "एकतीस. कागदावर बत्तीस. एक कुठं?"

एक नंबरचा बाण मी हात बसावा म्हणून तळोद्यात, माझ्याच घराच्या कंपाउंडवर काढला होता. तसं सांगितलं. तिनं नकाशा घडी करून कमरेला खोचला आणि निघाली. या डोंगरात पाहुण्याला नाव विचारायच्या आधी पाणी देतात. आम्हाला कुणी दिलं नाही.

तळोद्यात बाजाराच्या दिवशी सकाळी माझ्या घराचं फाटक वाजलं. सोनीबाई उभी होती. डोंगरातल्या मोलगीहून जीपनं आली होती.

"घर कसं सापडलं?" मी विचारलं.

तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. एक नंबरचा बाण थेट माझ्या दाराकडे वळलेला होता.

बायकोनं, रोहिणीनं, न सांगताच शेणाची बादली आणून माझ्यापुढे ठेवली. मी भर रस्त्यात भिंत सारवली. बाण पुरता दिसेनासा होईपर्यंत सोनीबाई हलली नाही. मग तिनं कमरेचा नकाशा काढला, फाडून बादलीत टाकला आणि ओट्यावर टेकली.

"आता पाणी दे," ती म्हणाली.

मी दिलेलं तांब्याभर पाणी ती एका दमात प्यायली. माझ्या बत्तीस बाणांपैकी माणसाला बरोबर जागी पोचवणारा तो एकच निघाला होता, आणि मी अजून हात धुतले नव्हते.