नमुन्याची गाठी

गोजरबाईनं बालवर्गाला ओसरी दिली ती शिक्षणाच्या कळवळ्यानं दिली, असं गावात कुणी म्हणत असेल तर त्यानं आधी चूळ भरून यावं. ओसरी दिली ती बनीला कंटाळून. बनी म्हणजे तिच्या थोरल्या लेकाची लेक. वय वर्षं चार, आणि सकाळी डोळे उघडल्यापासून तोंडात एकच शब्द, 'का?' म्हैस काळी का, इथून सुरुवात व्हायची आणि आजोबांच्या डोक्यावर केस का नाहीत, इथं येऊन मार मिळायचा. तेव्हा नगरहून मिशनची लिडियाबाई आली आणि म्हणाली, "लहान मुलांचा वर्ग काढायचाय, जागा मिळेल का?" तर गोजरबाईनं तिला पुरतं बोलूसुद्धा दिलं नाही. "घ्या ओसरी," ती म्हणाली, "आन् हिला पयल्या रांगंत बसवा."

तिच्या आठवणीतली शाळा म्हणजे हाताची घडी, तोंडावर बोट आणि मास्तरांच्या हातात निरगुडीचा ओला फोक. दोन तास घर शांत राहील, हा तिचा हिशेब. पण लिडियाबाईची शाळा निराळी निघाली. "मुलं कानानं शिकत नाहीत, गोजरबाई," ती म्हणायची, "मुलं हातानं शिकतात."

"आन् ते हात माज्या रांजनात धुत्यात," असं गोजरबाई मनात म्हणायची. (मनात म्हणजे चार घरांपलीकडे ऐकू जाईल इतपत.)

शिमग्याला मुलांनी पळसाची फुलं उकळून रंग केला. तो गोजरबाईच्या पातेल्यात केला आणि तिच्या रवीनं घुसळला. पुढे आठवडाभर घरातलं ताक केशरी निघत होतं. मग लिंबाच्या मोहराच्या माळा झाल्या, त्या म्हशीच्या शिंगांना चढल्या आणि म्हशीनं दूध चोरलं. तरी गोजरबाईनं सोसलं. एका बाईच्या अंगात सोसायचं किती असतं, ते परमेश्वर जाणे.

मग पाडवा आला.

"मुलांकडून गाठ्या करून घेऊ," लिडियाबाई म्हणाली. "पांढऱ्या मातीच्या." साखरेच्या कुठून आणणार? लढाई चाललेली, साखर कार्डावर, आणि हलवायांची निम्मी दुकानं फळ्या लावून बसलेली. "फक्त नमुन्याला एक खरी गाठी असती तर बरं झालं असतं. पण ह्या दिवसांत ती कुणाकडे असणार म्हणा!"

आता इथं गोजरबाईनं गप्प बसायचं होतं. बसली असती तर ही गोष्टच झाली नसती.

कारण गाठी तिच्याकडे होती. तिची लेक साळू सोनईला दिलेली. साळूला मुलगा झालेला, त्याचा हा पहिला पाडवा. पहिल्या पाडव्याची गाठी आजोळहून जायची, ही रीत. आणि रीतीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे सोनईची विहीण बायडाबाई. बारशाला गोजरबाईनं शिवून नेलेली कुंची पोराच्या कानांवरून खाली उतरेना, तेव्हा ह्याच बायडाबाईनं भरल्या बायकांत म्हटलं होतं, "ऱ्हाऊ द्या हो. आजीचा हात जरा आखडता दिसतुया."

त्या दिवसापासून गोजरबाईला अन्न गोड लागलं नाही. (तसंही लागलं नसतं. कार्डाची साखर ती डब्यात साठवत होती आणि घरादाराला गुळाचा चहा पाजत होती.) शेवटी ती सगळी साखर घोडेगावच्या हलवायाला देऊन तिनं गाठी पाडून आणली. अशी गाठी की मधलं पदक पुरीएवढं! पण डब्यातली गाठी कोण बघणार? चार जणांनी 'अगं बया' म्हटल्याशिवाय गाठीला अर्थ काय?

"हाय की माज्याकडं," गोजरबाई म्हणाली, आणि डबा उघडला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ती गाठी नमुना म्हणून ओसरीच्या खुंटीवर चढली. "बघायचं, हात लावायचा नाही," लिडियाबाईनं मुलांना बजावलं. मुलांनी वाटीनं मातीची पदकं पाडली, त्यात दोरा ओवला. कसं करायचं ते दाखवायला लिडियाबाईनं स्वतःही एक गाठी केली, हुबेहूब. वर ओल्या मातीवर शिरगोळ्याची रांगोळी भुरभुरली, तर सगळ्या गाठ्या साखरेसारख्या चमकायला लागल्या. गोजरबाईला इतकं कौतुक वाटलं की तिनं आपण होऊन मुलांना गूळ-शेंगदाणे वाटले. हात आखडता नाही हे निदान ह्या गावाला तरी कळावं.

दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं लिडियाबाई नगरला गेली. जाताना म्हणाली, "गाठ्या उन्हात वाळू द्या. तुमची खुंटीवर आहे." मुलं घरी गेली. गोजरबाईचा डोळा लागला. आणि वावटळ उठली.

चैताच्या तोंडाची वावटळ कशी येते ते ज्यानं तीत धोतर गमावलंय त्यालाच ठाऊक. गोजरबाई धडपडत उठली, अंगणातल्या सगळ्या गाठ्या तिनं टोपलीत भरल्या, आणि धूळ बसू नये म्हणून खुंटीवरचीही ओढून त्यांच्यातच कोंबली. वर धडुतं झाकलं आणि टोपली कवटाळून आत पळाली. वाऱ्याला हरवलं म्हणून तिला फार बरं वाटलं. बरं वाटणं टोपली उघडेपर्यंत टिकलं.

टोपलीत पंधरा-वीस गाठ्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या धुळीनं माखलेल्या. सगळ्यांचं मधलं पदक पुरीएवढं.

"आवं!" तिनं नवऱ्याला हाक मारली. सहादेव बाजेवर पडला होता. तो आला, टोपलीत डोकावला आणि म्हणाला, "त्यात काय? चाटून बघ."

"चाटून? उष्टी गाठी नातवाच्या गळ्यात घालू?"

"मग तुकडा मोडून बघ."

"खंडित झालेली? पयल्या पाडव्याला? तुमी जावा, बाजंवर पडा. तितंच तुमची अक्कल चालती."

गोजरबाईनं वजन करून पाहिलं, तर माती ओली होती तिथं जड आणि वाळली होती तिथं हलकी. टिचकी मारून पाहिलं, तर सगळ्या एकसारख्या बोलल्या. मग तिला सुचलं, मुंग्या! मुंगीला कोण फसवणार? तिनं गाठ्या ओळीनं मांडल्या आणि मुंग्यांच्या वारुळाशी बसून राहिली. मुंग्या आल्या. आल्या त्या सगळ्या गाठ्यांवर आल्या. गुळाच्या हातांनी हाताळलेली माती मुंग्यांनाही गोडच वाटत होती, आणि गूळ कुणी वाटला होता ते आपण पुन्हा काढायला नको.

दिवस कलायला लागला. पहाटे सोनईला गाडी जुंपायची होती. तेव्हा गोजरबाईला शास्त्र आठवलं, "लेकराच्या तोंडाला उष्टं न्हाई!" लेकरू म्हणजे देव. देवानं चाखलं तर तो प्रसाद.

तिनं बालवर्गातली सगळी मुलं गोळा केली, ओसरीवर बसवली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक गाठी दिली. "नुसती जीभ लावायची," ती कमरेवर हात ठेवून गरजली. "चावंल त्याचे दात पाडीन. जी गोड लागंल ती आजीला द्यायची. कळलं?"

मुलांना काय कळायचं ते कळलं. ती पहिल्या पोराजवळ गेली. "गोड हाय का?"

पोरानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "व्हय."

"तुजी?"

"गोड."

"आन् तुजी रं, छगन?"

"लई गोड!" छगन म्हणाला. त्याला मातीच्या मिश्या आल्या होत्या. त्याच्या शेजारची पोरगी 'गोड' म्हणता म्हणता रडायलाच लागली.

सगळ्यांची गोड! गोजरबाईनं कपाळावर हात मारला. शेवटी उरली बनी. बनीनं जीभ लावली. पुन्हा लावली. डोळे मिटून तिसऱ्यांदा लावली. मग आजीकडे बघून म्हणाली, "थू! माती."

"बघा!" गोजरबाई ओरडली. "येवड्या रामरगाड्यात खरं बोललं ते आमच्या रगताचं लेकरू! घे बाई, ती तुलाच खेळायला." बनी गाठी घेऊन कणगीमागं गेली. उरलेल्यांतली सगळ्यांत सुबक, सगळ्यांत चमकदार गाठी गोजरबाईनं स्वतःच्या पारखीनं निवडली. "माती अशी चमकतीया व्हय?" ती नवऱ्याला म्हणाली. तो बाजेवर होता, त्यानं कूस बदलली.

सोनईला ओसरी बायकांनी भरली होती. बायडाबाईनं गाठी हातात घेऊन तोलली. "वजनदार हाय हं, विहीणबाई!"

"मग!" गोजरबाईची मान ताठ झाली. "आमचा हात आखडता न्हाई."

गाठी नातवाच्या गळ्यात पडली. नातवानं पुरीएवढं पदक दोन्ही हातांनी धरून तोंडात घातलं. आधी हसला, मग थांबला. मग त्याच्या हनुवटीवरून पांढरा ओघळ आला, त्यामागून करडा आला आणि नव्या झबल्यावर उतरला.

"आये," साळू हळूच म्हणाली, "ह्यो तर चिखुल हाय."

बायडाबाईनं बोट लावलं, जिभेवर टेकवलं.

"लढाईची साखर!" गोजरबाई एकदम बोलली. "आता आशीच येती!"

"व्हय का?" बायडाबाई म्हणाली. "मग आमाला दोन पाट्या धाडा, भिती पोतारायच्या ऱ्हायल्यात." आणि हसणाऱ्या बायकांकडे वळून म्हणाली, "न्हाई बायांनो, मी चुकले हुते. विहीणबाईचा हात आखडता न्हाई. बरबटलेला हाय."

परतीच्या वाटेवर गोजरबाई बोलली नाही. सहादेव म्हणतो, लग्नापासून पहिल्यांदाच. घरी पोचताच ती थेट कणगीमागं गेली. तिथं बनी बसली होती. गळ्यात नुसता दोरा, हनुवटीला मुंग्या.

"खोटं का बोललीस गं, सटवे?"

"तू म्हनलीस ना, गोड लागंल ती आजीला द्यायची." बनीनं दोरा चोखला. "मला द्यायची नव्हती."

"आन् बाकीची पोरं का गोड म्हनली?"

"ती तुला भ्यात्यात."

गोजरबाईनं हात उगारला. तेवढ्यात बनीनं परकराच्या ओच्यातून एक पांढरं पदक काढलं. "ह्ये तुला ठिवलंय, आज्जे."

उगारलेला हात खाली आला. दिवाळीपासून तिच्या जिभेला साखरेचा कण लागला नव्हता. पोरीनं स्वतःच्या तोंडातलं राखून ठेवलं! गोजरबाईचे डोळे भरून आले. "उष्टं न्हवं ना?" तिनं विचारलं.

"लेकराच्या तोंडाला उष्टं न्हाई," बनी म्हणाली.

गोजरबाईनं अख्खं पदक तोंडात टाकलं आणि कचकन चावलं. शिरगोळा दातांत कचकचला. पांढरी माती टाळूला चिकटली.

बनी समोर उभी राहिली, कमरेवर दोन्ही हात ठेवून. "गोड हाय का?"

गोजरबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली.